धुकं आलं तर हेलिकॉप्टर हवेत थांबेल ना?

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. धाकट्या दिराचं लग्न डिसेंबरात आहे आणि नवरदेवाला कोल्हापुरातून आजऱ्याजवळच्या गावी हेलिकॉप्टरनं न्यायचं घरात घाटतंय. मुहूर्त सकाळी ९ च्या आसपासचा. पुण्यात बावधनला धुक्यात हेलिकॉप्टर पडलं होतं, ती बातमी सासूबाईंच्या डोक्यातून जात नाही, त्या नकोच म्हणतात. मामंजींचं म्हणणं, ‘विमानाचं वेगळं. हेलिकॉप्टर हवेत थांबतंय की. धुकं आलं तर थांबायचं, गेलं की पुढं जायचं.’ यात बरोबर कोण?

सासूबाई. मामंजींचा समज मात्र इतका सर्वत्र आहे की त्याच्यापासूनच सुरुवात करतो. मी लष्करात हेलिकॉप्टर उडवली, निवृत्तीनंतर नव्या वैमानिकांना शिकवतो, आणि मूळचा गडहिंग्लजकडचा असल्यामुळे तिकडच्या सकाळी माहितीच्या आहेत.

हेलिकॉप्टर हवेत एका जागी थांबतं हे खरं. पण ते गाडी उभी करून हँडब्रेक ओढल्यासारखं थांबत नाही. वैमानिकाचा उजवा हात सायक्लिकवर (यंत्र पुढं-मागं, आडवं नेणारी दांडी), डावा कलेक्टिव्हवर (वर-खाली नेणारी दांडी), दोन्ही पाय नाक वळवणाऱ्या पेडलवर असतात आणि चारही सतत हलत असतात. कशाच्या आधारानं? डोळ्यांच्या. समोरचं एखादं झाड, विजेचा खांब, गवताची कड यावर तो नजर ठेवतो. झाड हातभर डावीकडे सरकलं की यंत्र उजवीकडे चाललंय हे कळतं आणि विचार पूर्ण व्हायच्या आत हात फिरतो. शिकाऊ पोरगा पहिल्यांदा हॉवर करायला, म्हणजे असं हवेत एका जागी थांबायला जातो तेव्हा भर उन्हात, स्वच्छ हवेत, फुटबॉलच्या मैदानाएवढी जागासुद्धा त्याला पुरत नाही. आता तेच झाड धुक्यानं पुसून टाका. यंत्र मागं सरकतंय, बाजूला चाललंय की खाली बसतंय, काही कळायला मार्ग नाही. मीटर आहेत ना, असं कुणी म्हणेल. हेलिकॉप्टरचं वेगाचं मीटर साधारण ४० नॉटच्या (ताशी सुमारे ७५ किलोमीटरच्या) खाली भरवशाचं राहत नाही, आणि मागं किंवा आडवं सरकण्याबद्दल तर ते काहीच सांगत नाही. समुद्रावर बचावकार्य करणाऱ्या काही यंत्रांत आपोआप हॉवर धरणारी व्यवस्था असते. लग्नाला भाड्यानं मिळणाऱ्या हेलिकॉप्टरमध्ये ती असेल असं धरून चालू नका.

म्हणून ढगाच्या किंवा धुक्याच्या आत गेल्यावर नियम उलटा होतो. आत शिरलात तर वेग धरून ठेवायचा. मीटर बघून उडण्यासाठी प्रत्येक हेलिकॉप्टरला किमान वेग ठरवून दिलेला असतो, त्याच्या खाली यायचं नाही. धुक्याच्या बाहेर असताना वेग कमी करणं हा मात्र जीव वाचवणारा उपाय. एकच कृती, चारशे मीटर अलीकडे केली तर शहाणपण आणि पलीकडे केली तर घात.

बाहेर असताना वेग का कमी करायचा, त्याचं गणित सोपं आहे. १२० नॉट म्हणजे ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, सेकंदाला ६२ मीटर. धुक्यात ८०० मीटरवरचं दिसतंय असं धरा. समोर डोंगर दिसल्यापासून त्याला जाऊन भिडायला १३ सेकंद. त्यात ओळखायला दोन-तीन सेकंद गेली. मग वळायचं म्हटलं तर या वेगाला २० अंश कलून घेतलेल्या वळणाची त्रिज्या सुमारे ११०० मीटर भरते. म्हणजे डोंगर दिसला तेव्हाच उशीर झालेला असतो. हाच वेग ६० नॉटवर आणला की त्रिज्या पावणेतीनशे मीटरच्या आत येते. वेग निम्मा, तर वळणाला जागा पावपट. म्हणून समोरचं अंधुक व्हायला लागलं की वेग कमी करत परत फिरायचं. मधले पर्याय शोधत बसायचं नाही.

हे सगळ्या वैमानिकांना ठाऊक असतं. मग अनुभवी माणसं आत शिरून पडतात कशी? कारण कान.

घरी फिरती खुर्ची असेल तर एक प्रयोग करा, दीर हौशी असेल तर त्यालाच बसवा. डोळ्यांना रुमाल बांधा, मान सरळ. सांगा, ‘ज्या बाजूला फिरतोयस तिकडं अंगठा दाखव.’ मग खुर्ची एका संथ, सारख्या गतीनं उजवीकडे फिरवत राहा. सुरुवातीला अंगठा बरोबर उजवीकडे. वीसेक सेकंदांत अंगठा सरळ होतो, त्याला वाटतं खुर्ची थांबली. फिरतेच आहे. आता खुर्ची हळूहळू थांबवा. अंगठा डावीकडे जातो. खुर्ची पूर्ण थांबलेली असताना तो शपथेवर सांगेल की मी डावीकडे फिरतोय. हवाई वैद्यकातली ही जुनी चाचणी आहे, वैमानिकांना प्रशिक्षणात यातून काढतात, आणि खोली हसत असते. फक्त खुर्चीवर बसलेला हसत नाही. प्रयोग करताना दोन्ही बाजूंना माणसं उभी करा, उठताना तोल जातो.

होतं असं की कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात आणि त्यांत द्रव. परातीत पाणी घेऊन परात गरकन फिरवली तर पाणी आधी मागं राहतं आणि थोड्या वेळानं परातीच्या गतीनंच फिरायला लागतं, तसंच. मागं राहिलेल्या द्रवावरून मेंदूला वळण समजतं. द्रवानं गती पकडली की मेंदूच्या लेखी वळण संपलं. शिवाय वळण अगदी सावकाश सुरू झालं, सेकंदाला दोनेक अंशांच्या आत, तर कानाला त्याचा पत्ताच लागत नाही. उघड्या हवेत डोळे क्षितिजाकडे बघून कानाची चूक दुरुस्त करतात. धुक्यात दुरुस्त करणारं कुणी नाही. यंत्र कललेलं असतं आणि वैमानिकाला ते सरळ वाटतं. तो ते खरंच सरळ करतो तेव्हा त्याला आपण उलट्या बाजूला कललोय असं वाटतं, म्हणून तो पुन्हा पहिल्या बाजूला कलतो. त्यातच नकाशा बघायला किंवा रेडिओची कळ फिरवायला मान खाली घातली तर डोकं गरगरून जातं. १९५४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात मीटरवर उडण्याचा सराव नसलेल्या २० वैमानिकांना कृत्रिमरीत्या ‘ढगात’ घातलं होतं. विसाच्या वीस जणांच्या हातून विमानाचा ताबा सुटला. सरासरी वेळ १७८ सेकंद. ते स्वभावानंच स्थिर विमान होतं. हेलिकॉप्टर मुळात अस्थिर, ऑटोपायलट नसेल तर हात सोडायची सोय नाही.

कोबी ब्रायंट या बास्केटबॉलपटूचं हेलिकॉप्टर २६ जानेवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियात कॅलाबासासच्या टेकड्यांवर आदळलं, ९ माणसं गेली. त्या तपासातली एक गोष्ट मी प्रत्येक तुकडीला सांगतो. शेवटच्या क्षणांत वैमानिक नियंत्रण कक्षाला सांगत होता की मी ४००० फुटांवर चढतोय. त्या वेळी हेलिकॉप्टर डावीकडे वळत खाली चाललं होतं. खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच चढतोय असं वाटत होतं. यंत्र सिकोर्स्की एस-७६, दोन इंजिनांचं, ऑटोपायलट असलेलं, आणि यंत्रात बिघाड नव्हता. वैमानिकाकडे मीटरवर उडण्याची परवानगीही होती, फक्त कंपनीला तसं प्रवासी उड्डाण करायची मुभा नव्हती, म्हणजे ढगात शिरणं मुळात योजनेतच नव्हतं. तपासणाऱ्यांना कुठंही गिऱ्हाइकानं दबाव टाकल्याचं दिसलं नाही. दबाव वैमानिकानं स्वतःवरच घेतला होता. हे वाक्य तुमच्या घरातल्या चर्चेत लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येतो.

आपल्याकडची यादी लांब आहे. २ सप्टेंबर २००९ ला आंध्रचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी नल्लमलाच्या जंगलात, खराब हवेत. १८ ऑक्टोबर २०२२ ला केदारनाथजवळ धुक्यात ७ जण, १५ जून २०२५ ला गौरीकुंडजवळ पुन्हा ७. बावधनचा अपघात २ ऑक्टोबर २०२४ च्या सकाळचा: गोल्फ कोर्सजवळच्या हेलिपॅडवरून जुहूकडे निघालेलं यंत्र काही मिनिटांत खाली आलं, दोन वैमानिक आणि एक अभियंता गेले, परिसरात धुकं होतं. आणि ८ डिसेंबर २०२१ चं कुन्नूर. सुलूरहून वेलिंग्टनला जनरल बिपिन रावत आणि त्यांच्या पत्नीला घेऊन निघालेलं एमआय-१७, एकूण १४ माणसं. रेल्वेरुळावरून कुणीतरी काढलेला तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेलच, हेलिकॉप्टर धुक्यात शिरतं आणि फक्त आवाज उरतो. तिन्ही दलांच्या चौकशीनं बिघाड, घातपात, हलगर्जी या तिन्ही शक्यता बाजूला ठेवल्या आणि सांगितलं: दरीतली हवा अचानक बदलली, यंत्र ढगात शिरलं, वैमानिकाला दिशाभ्रम झाला आणि पूर्ण ताब्यात असलेलं यंत्र जमिनीला भिडलं. पुढं २०२४ मध्ये संसदेच्या समितीपुढं आलेल्या माहितीत त्याच अपघाताच्या रकान्यात ‘मानवी चूक’ असं लिहिलेलं होतं. मला हे दोन शब्द आवडत नाहीत. कानाची रचना ही काय त्या वैमानिकाची चूक? कुन्नूरला तर हवाच आधी सांगून आली नाही. पण बहुतेक अपघातांत चूक शोधायचीच तर ती त्याच्या आधीच्या दहा मिनिटांत सापडते, कधी आदल्या दिवशीच्या फोनवर.

इराणचे अध्यक्ष रईसी १९ मे २०२४ ला धुक्यात हेलिकॉप्टर पडून गेले तेव्हा ताफ्यात तीन हेलिकॉप्टर होती. दोन सुखरूप पोचली. ‘आमचा कालचा पाहुणा त्याच हवेत आला की’ या युक्तिवादाला माझं उत्तर एवढंच असतं.

आता आपल्या भागाकडं. कोल्हापूर आणि त्याच्या आसपास धुकं दोन तऱ्हेचं. पावसाळ्यात गगनबावडा, राधानगरी, आंबा, आंबोलीच्या माथ्यावर जे असतं तो खरं तर ढगच. समुद्रावरची दमट हवा सह्याद्रीला धडकून वर चढते, थंड होते आणि ढग डोंगरावरच बसतो. त्या दिवसांत तिकडं लग्नाचं हेलिकॉप्टर कुणी नेत नाही, तो विषय सोडा.

तुमचं डिसेंबरचं धुकं खोऱ्यातलं. रात्री आभाळ निरभ्र, वारा पडलेला, जमीन उष्णता सोडत गार होते. नदीकाठचा पाणी पाजलेला ऊस हवेत ओल पुरवतो, गुऱ्हाळांचा नि चुलींचा धूर खालीच कोंडतो आणि थेंब धरायला कण मिळतात. थंड हवा जड, ती उतरत उतरत खोऱ्याच्या तळाला साठते. डिसेंबरात पहाटे पन्हाळ्याच्या तटावर उभं राहिलं की पंचगंगेचं सगळं खोरं पांढरं आणि जोतिबाचा डोंगर तेवढा वर दिसतो, ते हेच. वरून फार सुंदर दिसतं. आत असलेल्याला पुढची बैलगाडी दिसत नाही.

या धुक्याच्या तीन खोड्या आहेत आणि तिन्ही तुमच्या मुहूर्ताच्या वेळेलाच येतात.

सूर्य उगवला म्हणजे धुकं विरायला लागलं असं लोक धरतात. रात्रीचं सगळ्यात कमी तापमान बऱ्याचदा उगवतीच्या जरा नंतर नोंदलं जातं, त्यामुळे पहिल्या तासाभरात धुकं कधी कधी आणखी दाट होतं. सहाला चांगलं दिसत होतं, सातला काहीच नाही, असं घडतं.

दुसरं, धुकं ‘उठतं’. आठ-साडेआठला जमिनीवर लख्ख दिसायला लागतं, सगळे म्हणतात झालं मोकळं. ते गेलेलं नसतं, शे-दीडशे मीटर वर जाऊन खालच्या ढगाचा थर झालेलं असतं. त्याच्या पोटाखालून उड्डाण घेतलं तर कोल्हापूरजवळ सपाटीवर काही अडचण येत नाही. पण आजऱ्याकडं जमीन वर वर जाते. दूधगंगा, वेदगंगा, चिकोत्रा, हिरण्यकेशी अशी खोरी एकामागून एक येतात आणि दोन खोऱ्यांमध्ये डोंगराची सोंड. ढगाचं पोट तिथंच राहतं, जमीन वर येते, मधली फट मिटते. वैमानिक खाली खाली येत राहतो. अशा वेळी विजेच्या तारा हा वेगळाच काळ, त्या दिवसाउजेडीही दिसत नाहीत, फक्त खांब दिसतात. उंची सांगणारा रेडिओ आल्टिमीटर असला तरी तो सरळ खाली बघतो. समोरची सोंड त्याला दिसत नाही.

तिसरी खोडी सगळ्यात फसवी. धुक्याचा थर पातळ असेल तर बरोबर डोक्यावरून खालचा मांडव, हेलिपॅडचा चुन्याचा ‘एच’, हात हलवणारी माणसं, सगळं स्वच्छ दिसतं, कारण नजर थरातून उभी जाते आणि अंतर थोडं असतं. उतरायला लागलं की नजर तिरकी होते, त्याच थरातून कितीतरी लांबचा रस्ता कापते, आणि आत्ता दिसत असलेली जागा नाहीशी होते. वैमानिक तेव्हा जमिनीच्या जवळ, वेग कमी केलेला, आणि एकाएकी आंधळा. वर सांगितलेल्या सगळ्या वाईट गोष्टी एकाच ठिकाणी.

दिल्लीला धुक्यात विमानं उतरतात मग, असं मामंजी नक्की विचारतील. उतरतात, ५० मीटर दिसत असलं तरी उतरतात. त्यासाठी धावपट्टीवरून सोडलेले रेडिओ किरण लागतात, ते धरून स्वतःच विमान उतरवणारी यंत्रणा लागते, धावपट्टीभर दिवे आणि त्या कामाचं खास प्रशिक्षण घेतलेले दोन वैमानिक लागतात. शाळेच्या मैदानात चुन्यानं आखलेल्या वर्तुळात यातलं काय आहे? म्हणून असली उड्डाणं डोळ्यांच्या भरवशावर चालतात. त्यासाठी साधारण ५ किलोमीटर दिसावं लागतं, हेलिकॉप्टरला सावकाश जायच्या अटीवर काही ठिकाणी कमीची सवलत असते. १ किलोमीटरच्या आत दिसायला लागलं की हवामानखातं त्याला धुकं म्हणतं. उजळाईवाडीच्या विमानतळावरचा दृश्यमानतेचा आकडा मात्र उजळाईवाडीचा, आजऱ्याचा नव्हे. तापमान नि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं तो) यांत दोनेक अंशांचंच अंतर असेल तर आकडा चांगला असला तरी मी वाट बघतो.

तर मग करायचं काय? सासूबाई म्हणतात तसं बेत रद्द करा असं मी म्हणणार नाही. मुहूर्त हलवा. गुरुजींना दुपारी बारा-साडेबाराचा विचारा, आपल्याकडं निम्मी लग्नं तेव्हाच लागतात. अकरा वाजेपर्यंत बहुतेक दिवशी खोरी मोकळी होतात आणि वाट बघायला हाताशी वेळ राहतो. गोरज मुहूर्त नको, परतीला अंधार गाठतो.

कंपनीशी बोलताना भाव नि फुलांची सजावट यांच्या आधी विचारा: वैमानिक दोन का एक, यंत्राची इंजिनं दोन का एक, मीटरवर उडण्याचा सराव ताजा आहे का, आणि वाटेत परत फिरायची रेघ काय ठरवली आहे. शेवटच्या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर आलं तर दुसरी कंपनी बघा. आम्ही शिकवतो ती रेघ अशी: नेहमीच्या वेगातून ३० नॉट कमी करावे लागले, किंवा जमिनीपासून ५०० फुटांच्या खाली उतरावं लागलं, की पुढं जायचं नाही. फिर, नाहीतर बसव. हेलिकॉप्टरचा खरा फायदा हा आहे की दिसत असेपर्यंत ते कुठल्याही माळावर बसू शकतं. नवरदेव कापशीच्या माळावर उतरला आणि पुढं जीपनं गेला, तर लोक वर्षभर हसतील. हसू देत.

जिल्हा प्रशासनाची परवानगी, पोलिसांना कळवणं, उतरायच्या जागेजवळच्या तारा, मांडवाची सुटी कापडं, ही कामं कंपनी सांगेल तशी करा.

आजऱ्याच्या बाजूला एक शहाणा माणूस नेमा. आदल्या दिवशी त्याला खुणा ठरवून द्या: हेलिपॅडपासून १ किलोमीटरवरचं देऊळ, २ वरची पाण्याची टाकी, ५ वरचा डोंगर. सकाळी फोनवर ‘कसं आहे तिकडं’ असं विचारायचं नाही, ‘भारी आहे, या’ एवढंच उत्तर येतं. ‘डोंगर दिसतो का? टाकी दिसते का?’ असं विचारायचं. फोटो मागवलात तर आडवा, क्षितिजाचा मागवा. वर धरलेल्या फोनमध्ये पातळ धुक्यातूनसुद्धा आभाळ निळंच येतं. हा माणूस नवरदेवाचा मामा नसावा, कारण तो सगळ्यात उतावळा असतो.

आणि ब्रायंटच्या वैमानिकाची गोष्ट आठवा. त्याला कुणी ‘चलाच’ म्हटलं नव्हतं. तुमच्या वैमानिकालाही कुणी म्हणणार नाही. पण त्याला खाली बँड दिसेल, दोन हजार पाहुणे दिसतील, घड्याळाकडे बघणारे मामंजी दिसतील, आणि तो मनातल्या मनात स्वतःलाच ‘चल’ म्हणेल. ते ओझं तुम्हीच आधी उतरवू शकता. नवरदेवासाठी सजवलेली गाडी, ड्रायव्हरसकट, हेलिपॅडजवळ उभी ठेवा आणि ती वैमानिकाला दाखवा. त्याला स्पष्ट सांगा, तुम्ही नको म्हणालात तर आमची काही तक्रार नाही. आणि करारात लिहून घ्या की हवेमुळे उड्डाण झालं नाही किंवा वाटेतून परत फिरलं तर कंपनीनं किती पैसे परत करायचे. ते कलम नसलेल्या कागदावर मामंजींना सही करू देऊ नका.